ब्रेक दाबला की स्टेअरिंग का थरथरते?

छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे जाताना कन्नडच्या पुढे औट्रम घाट लागतो आणि तो उतरताना अनेक गाड्यांचे दुखणे उघडे पडते. एरवी सुरळीत धावणारी मोटार ब्रेकवर पाय पडताच थरथरू लागते, हातातले स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलते आणि पेडल तळपायाला हलके धक्के देते. समृद्धी महामार्गावरून जालन्याला बाहेर पडताना, ताशी 120 वरून वेग उतरवतानाही अनेकांना हाच अनुभव येतो. गॅरेजमध्ये याचे निदान बहुधा एका वाक्यात होते: ‘डिस्क आउट झाली, बदलून टाका.’ डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी, जिला ब्रेक दाबल्यावर पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात; ती सरळ फिरेनाशी झाली की ‘आउट’ म्हणतात. डिस्क बदलली जाते, थरथर थांबते आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा सुरू होते, कारण डिस्क आउट का झाली, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

तपासणीची सुरुवात पाना हाती घेण्याआधी, रस्त्यावर होते. ब्रेक न दाबताही ताशी 80 च्या पुढे गाडी थरथरत असेल, तर संशय चाकांच्या बॅलन्सिंगवर घ्यावा. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती रिमच्या आतल्या अंगाला चिकटून घट्ट वाळते आणि तेवढ्यानेही चाकाचा तोल बिघडतो. अशा गाडीला नवी डिस्क बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर ती कुठे जाणवते ते पाहावे. स्टेअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. स्टेअरिंग स्थिर राहून आसन हादरत असेल तर मागच्या ड्रमकडे, म्हणजे आतून ब्रेक शू दाबून थांबवल्या जाणाऱ्या डब्यासारख्या भागाकडे वळावे. खात्रीसाठी मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणतेही वाहन नसताना, कमी वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. तरफेचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो, त्यामुळे तेव्हाही हादरे बसले तर ड्रम किंवा ब्रेक शू तपासायला हवेत.

आणखी एक खूण वेगाची आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाला सामान्य मोटारीचे चाक सेकंदाला साधारण 15 फेरे घेते, 40 ला सहाच्या आसपास. डिस्कमुळे येणारी थरथर या फेऱ्यांशी बांधलेली असते, म्हणून वेग उतरत जातो तसे धक्के संथ होत जातात. खडीवर किंवा निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलखाली येणारी जलद खडखड ही एबीएसची, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची असते. तो बिघाड नव्हे.

आता चाक उतरवलेल्या गाडीकडे येऊ. डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, सपाट दाबली जावी म्हणून चाकाचे नट वॉशरसह पुन्हा आवळले जातात. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक, पक्क्या आधारावर बसवून त्याचे टोक डिस्कच्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत टेकवतात आणि डिस्क हाताने सावकाश फिरवतात. काटा झुलतो तेवढी डिस्क डगमगते. अनेक मोटारींना 0.05 ते 0.10 मिलिमीटरपेक्षा जास्त डगमग चालत नाही. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. त्यानंतर मायक्रोमीटरने डिस्कच्या परिघावर आठ ठिकाणी जाडी मोजली जाते. या जाडीतला दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवू शकतो.

डगमग आणि जाडीतला फरक हे वेगळे दोष असले, तरी पहिला दुसऱ्याला जन्म देतो. वाकडी फिरणारी डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते, ती जागा झिजते आणि मग थरथर सुरू होते. उन्हाने किंवा घाटाने डिस्क ‘वाकली’ असे सरसकट म्हटले जाते, पण तसे क्वचितच घडते. मात्र घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून तसेच उभे राहिले, तर पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटू शकतो आणि त्यानेही धक्के बसतात.

डगमग डिस्कची की हबची, हे ओळखण्याची युक्ती साधी आहे. डिस्कच्या उंच जागेवर, म्हणजे जिथे काटा सर्वांत पुढे जातो तिथे, खडूने खूण करावी, डिस्क काढून एक छिद्र पुढे सरकवून बसवावी आणि पुन्हा मोजावे. उंच जागा खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. ती हबच्या जुन्याच जागी राहिली तर हबचा. हबच्या तोंडावर चढलेला गंज किंवा वाळलेला चिखल नव्या डिस्कलाही वाकडी बसवतो, आणि दुरुस्तीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथेच. तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने हे तोंड धातू दिसेपर्यंत साफ करायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. याच वेळी बेअरिंगचा खेळ, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या अडकलेल्या पिना आणि चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश पाहून घ्यावेत, कारण सैल बुश लहानशी थरथरही मोठी करून स्टेअरिंगपर्यंत पोहोचवतो.

डिस्कला लेथ मारता येते, म्हणजे यंत्रावर तासून ती सपाट करता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली नाही. शेवटी चाकाचे नट एअर गनने एका दमात न आवळता समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधील आकड्याइतके आवळावेत. चाक बसवण्यापूर्वी डायल गेज पुन्हा लावून आलेला आकडा गॅरेजवाल्याकडून बिलावर लिहून घ्यावा.