पाकात साखर, फोडणीत हळद

नमस्कार श्रोतेहो.

रव्याचे लाडू वळायचे म्हणून तुम्ही एक वाटी पाण्यात दोन वाट्या साखर घालता आणि पातेलं गॅसवर चढवता. खरं तर एवढी साखर गार पाण्यातही विरघळते, फक्त ढवळून ढवळून हात दुखून येतो. साध्या तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते, उकळत्या पाण्यात जवळजवळ ४९०. मिठाचं मात्र तसं नाही. गार पाण्यात ३६ ग्रॅम, उकळत्यात फार तर ३९. मिठाचा पाक कुणी केल्याचं ऐकलंय का? होणारच नाही तो!

ही जादू पाण्याच्या रेणूची. तो सरळ नसून वाकडा असतो. ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनची थोडी धन. मिठाचा खडा पडला की हे रेणू त्याला गराडा घालतात. धन सोडियम आणि ऋण क्लोराइड यांना सुटं करून एकेकाला वेढून घेतात. साखरेचा रेणू मात्र फुटत नाही, अख्खाच्या अख्खा पाण्यात शिरतो. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून वाहत नाही म्हटलं तरी चालेल.

आता पाकाकडे लक्ष द्या. पाणी आटत जातं, चिमटीत थेंब धरून बोटं उघडली की तार येते. गॅस बंद करायला उशीर झाला, की गार होताना पाक साखरतो. जास्तीची साखर पाण्याला पेलवत नाही, ती बाहेर पडते. माझी आजी पाकात लिंबाचे चार थेंब पिळायची. आंबटामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि मग खडे जमायला अडचण येते. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिचा पाक कधी साखरला नाही.

आणि हळद? ग्लासभर पाण्यात चमचाभर घाला, ढवळा, थोड्या वेळाने तळाशी बसलेली दिसेल. तिचा पिवळा रंग, म्हणजे करक्युमिन, पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. म्हणून ती फोडणीत पडते, हिंगही तिथेच. सदऱ्यावर वरण सांडलं तर नुसत्या पाण्याने डाग हलत नाही. साबण लावला तर उलट तो लालभडक होतो! घाबरू नका. धुवा आणि सदरा कडक उन्हात टाका. करक्युमिनला ऊन सोसत नाही.