नाताळच्या ताटातला नारळ

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झालाय 'बेबिंक', म्हणजे गोव्याचा तो थराथरांचा भाजलेला गोड पदार्थ, आणि बेबिंकपर्यंत आपण जाणारच आहोत. पण आधी मला नारळ फोडायचा आहे. गोव्याच्या नाताळच्या गोडाधोडाबद्दल जे काही छापून येतं, त्यात एक ओळ हमखास असते: 'नारळाचं दूध, २ वाट्या.' पुढे काही नाही. कुठलं दूध? पहिलं, दुसरं की तिसरं? किती पाणी घालून काढलेलं? ही ओळ वाचून डिसेंबरात कितीतरी घरांत दोदोलची, म्हणजे तांदूळ, गूळ आणि नारळाच्या घट्ट वडीची, खीर होते आणि बेबिंकचं रबर होतं. दोष करणाऱ्याच्या हाताला दिला जातो. दोष त्या ओळीचा असतो, हे मला आज इथे सांगायचं आहे.

आधी ताट बघू. पोर्तुगालमध्ये २४ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाला 'कोन्सोआदा' म्हणतात. गोव्यात हाच शब्द 'कोन्सुआद' होऊन शेजारीपाजारी पाठवायच्या गोडाच्या ताटाला चिकटला. मंगळूरकडे त्याला 'कुस्वार' म्हणतात. ताटात बेबिंक, दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, चण्याच्या डाळीचं दोस, बोलिन्या, पेरूचा पेराद, आणि वर क्रोशाचा रुमाल. हे ताट हिंदू शेजाऱ्यांकडे जातं, आणि चतुर्थीला, दिवाळीला त्यांच्याकडून नेवऱ्या आणि फराळ येतो. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं तिथे गोड रांधत नाहीत, शेजारी पोचवतात. आपल्याकडे दिवाळीत दुसरं काय होतं?

नेवरी म्हणजे करंजी, हे तुम्हाला सांगायला नको. सारणात ओला नारळ, खसखस, तीळ, काजू, वेलची. गोव्यात हिंदूंच्या घरी ती चतुर्थीला होते, ख्रिस्ती घरी नाताळला. करंजी कढईत फुटण्याची कारणंही दोन्ही घरांत तीच: सारण ओलं राहिलं, किंवा कडा मिटताना आत हवा राहिली. हात वर करा, कुणाच्या घरी एकही करंजी कधी फुटली नाही? बघा, एकही हात नाही. म्हणजे आपण सगळे एकाच शाळेतले.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १७३६ साली गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक लांबलचक फर्मान काढलं. धर्मांतर केलेल्यांनी कुठल्या जुन्या रीती सोडायच्या, त्याची यादीच त्यात होती. त्यात भातसुद्धा आला: हिंदू करतात तसा मिठाशिवाय शिजवून मग वरून मीठ घ्यायचं नाही. चुलीवरच्या भांड्यात डोकावण्यापर्यंत मजल गेली होती. तरीही नेवरी टिकली. तांदूळ, गूळ आणि नारळाचा रस टिकला. हुकूम काढणाऱ्यांना खवणीवर बसलेल्या बाईच्या मनगटापर्यंत पोचता आलं नाही. मला त्या मनगटाबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच 'नारळाचं दूध, २ वाट्या' असं लिहून मोकळं होणं मला तिचा अपमान वाटतो.

तर नारळ. सोललेला, पक्का, जड, हलवला की पाणी वाजणारा घ्या. पाणी वाजत नसेल तर तो जुना झाला आहे. कोंब फुटलेला तर अजिबात नको, त्याच्यातलं तेल कोंबाने खाल्लेलं असतं. खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ येऊ देऊ नका. ती आली की रस मळकट होतो आणि बेबिंकचा पिवळा थर राखाडी दिसतो. मध्यम नारळाचा साधारण अडीच वाट्या चव निघतो.

पहिला रस, म्हणजेच पहिलं दूध, काढायला एका नारळाला अर्धी वाटी पाणी, हाताला सोसेल इतकं कोमट. थंड पाण्याने काम होत नाही, कारण नारळाचं तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि डिसेंबरच्या सकाळी ते चोथ्यातच अडकून बसतं. उकळतं पाणीही नको. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलात तर चव पिठासारखा बारीक होतो, कापडातून रसात उतरतो आणि जिभेला कचकच लागते. मलमलीच्या कापडात किंवा पातळ पंच्यात घालून दोन्ही हातांनी पिळा. एका नारळाचा साधारण एक वाटी रस निघाला पाहिजे. तोच दाट रस. मग त्याच चोथ्याला एक वाटी पाणी, तो दुसरा. पुन्हा एक वाटी, तो तिसरा. कोकणातली जी मंडळी शिरवाळ्यांबरोबर रस करतात त्यांना हे पाठ आहे.

आता या तिन्ही रसांची कामं वेगळी. दाट रस म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब. तो खळखळून उकळला की फुटतो. बेबिंकमध्ये तो फुटता कामा नये, आणि दोदोलमध्ये शेवटी फुटलाच पाहिजे. एकच रस, पण दोन पदार्थांत उलट मागणी! पाकिटातलं दूध इथे दगा देतं. तेल-पाणी वेगळं होऊ नये म्हणून त्यात बहुतेक वेळा काहीतरी घातलेलं असतं. बेबिंकला ते चालून जातं. दोदोलमध्ये मात्र तुम्ही दोन तास ढवळत राहता, तेल नीट सुटत नाही, आणि दोदोल तयार झालं की नाही हे कळायची खूणच हरवते.

दोदोल घ्या. ३ नारळ. दाट रस ३ वाट्या बाजूला ठेवायचा, दुसरा आणि तिसरा मिळून ६ वाट्या. तांदळाचं पीठ २५० ग्रॅम, शक्यतो उकड्या तांबड्या तांदळाचं. माडाचा काळा गूळ ७०० ग्रॅम, काजूचे तुकडे १०० ग्रॅम. हा गूळ माडाच्या सुरेपासून होतो. गोव्याच्या बाजारात त्याचे काळपट सुळके मिळतात. तो जात्याच खारट असतो, त्यामुळे वेगळं मीठ नको. उसाचा गूळ वापरणार असाल तर चिमूटभर मीठ आठवणीने घाला, नाहीतर दोदोल नुसतं गोड लागतं. रंग आणि तो धुरकट वास मात्र येणार नाही, हे आधीच मान्य करून चाला.

गूळ २ वाट्या पातळ रसात विरघळवून गाळा. गाळायचं विसरलात तर दाताखाली वाळू येते, आणि ती नंतर काढता येत नाही. उरलेल्या ४ वाट्या थंड पातळ रसात पीठ कालवा. गरम रसात कालवलं तर गुठळ्या होतात. दोन्ही एकत्र करून जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळायला लागा. पंधरावीस मिनिटांत घट्ट होतं, आणि नवखा माणूस इथेच खूश होऊन गॅस बंद करतो. ती खीर आहे, आणि ती तीन दिवसांत बुरसते. आता दाट रस एकेक वाटी घालायचा, आच मंद करायची आणि खरं काम सुरू करायचं. एकूण दीड ते दोन तास लागतात. उलथणं बुडाला टेकवूनच फिरवा. फोनवर बोलायला दोन मिनिटं गेलात तर बूड लागतं आणि तो जळका वास सगळ्या कढईत पसरतो. वरचं वेगळं काढून काही वाचत नाही. म्हणून दोदोलला दोन माणसं लागतात, आळीपाळीने.

खूण अशी: गोळा कढईच्या कडा सोडतो, कडेने तेल सुटतं, उलथण्याने रेघ ओढली की बूड दिसतं, आणि ओल्या बोटाला तो चिकटत नाही. काजू या वेळी घाला. जास्तीचं तेल निथळून काढा. तूप लावलेल्या ताटात थापा, वर केळीचं पान दाबून सपाट करा आणि रात्रभर हात लावू नका. गरम कापलंत तर सुरीला ओढत येतं. आणि खूण दिसल्यावरही अर्धा तास ढवळत बसलात तर ते चिवट होतं. दोदोल नावाचाच पदार्थ श्रीलंकेत आहे, मलेशियात आहे, जाव्यातही आहे. समुद्राने एकमेकांना जोडलेल्या स्वयंपाकघरांचा हा एक सबंध विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

वसईकडची मंडळी समोर बसली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर 'आणि आमच्या फुग्या?' हा प्रश्न दिसतो आहे. अगदी बरोबर. फुग्यांचं पीठही नारळाच्या रसात आणि अंड्यात भिजतं, आंबतं आणि मग तळणीत टम्म फुगतं. कुलकुलचंही तेच: ५०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम रवा, २ चमचे तुपाचं मोहन, ३ चमचे पिठीसाखर, मीठ, आणि भिजवायला पाऊण वाटी दाट रस. तासभर झाकून ठेवा, मग छोट्या गोळ्या नव्या कोऱ्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळा आणि तळा. साखर वाढवलीत तर बाहेरून लगेच काळे होतात आणि आत कच्चे राहतात. बोलिन्यांचा रवा-नारळ रात्रभर मुरला पाहिजे. तो वेळ चुकवला की भाजताना त्या भेगाळतात.

समोरून चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि बेबिंक अजून भट्टीबाहेरच आहे! ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी घ्या.

२ नारळांचा दाट रस, फक्त पहिला, ५०० मिली. साखर ३५० ग्रॅम. १० अंड्यांचा पिवळा बलक. मैदा १५० ग्रॅम. अर्धं जायफळ किसून. चिमूट मीठ. साजूक तूप २०० ग्रॅम. १८ सेंटिमीटरचं, उंच काठाचं भांडं.

साखर रसात हाताने ढवळून विरघळवा. तापवायचं असेल तर कोमटच, नाहीतर रस फुटतो आणि बलक शिजतो. बलक फेस न आणता फेटा. फेस आला की थरात भोकं पडतात. मैदा थोडा थोडा घाला, गाळा, अर्धा तास ठेवा. प्रत्येक थराच्या आधी ढवळा, मैदा खाली बसतो.

भांड्यात एक मोठा चमचा तूप गरम करून पहिला थर ओता, अर्ध्या वाटीहून थोडा जास्त. ठरावीक माप एकच ठेवा. हा थर १८० अंशांवर, वरखाली दोन्ही आच. तो बसला आणि वर गडद सोनेरी डाग आले की पुढच्या थरांना फक्त वरची आच. जुन्या पद्धतीत यासाठीच झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवतात. दर थराआधी गरम तूप, एक लहान चमचा. तूप थंड असेल किंवा जास्त झालं तर थर एकमेकांना धरत नाहीत, कापताना सुटे होतात. वरचा थर नीट तांबूस व्हायच्या आत पुढचा ओतलात तर दोन्ही एक होतात आणि रेघच दिसत नाही. दर थराला आठ ते बारा मिनिटं, ओव्हनप्रमाणे. दारासमोरून हलू नका, शेवटच्या दोन मिनिटांत रंग झपाट्याने चढतो.

किमान ७ थर, परंपरेने १६ पर्यंत. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या एका जोगिणीने तो पहिल्यांदा केला अशी कथा सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे: अंड्याचा बलक, मैदा आणि भट्टी समुद्रापलीकडून आली, रस इथल्या खवणीवरून आला. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे सहा-आठ तासांनी, उलटं काढा आणि पातळ कापा. फ्रिजमध्ये ठेवलंत तर तूप आणि नारळाचं तेल गोठून ते दगडासारखं लागतं. खायच्या आधी जरा गरम करा.

शेवटची चिठ्ठी: 'दहा अंड्यांचा पांढरा उरतो, त्याचं काय?' फार चांगला प्रश्न. त्यातल्या एका अंड्याचं पांढरं घ्या, २५० ग्रॅम काजूची बारीक पूड, तेवढीच पिठीसाखर आणि थोडं गुलाबपाणी. मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत ढवळा आणि साच्यात दाबा, मार्झिपान तयार. काजू मिक्सरला सलग फिरवू नका, तेल सुटतं. उरलेल्या नऊंचं आमलेट करा, सकाळी ढवळायला येणाऱ्या माणसांना न्याहारी लागेलच.