तुळशीची रंगीत चुलत बहीण

श्रोतेहो, नमस्कार.

फुलांचा तोरा नाही, सुवासाचा दिमाख नाही, तरी नर्सरीत ज्याच्यापाशी पाय थबकतो ते झाड म्हणजे कोलियस. किरमिजी पान, त्याला पोपटी किनार, मधोमध गुलाबी शिंतोडे! लोक ते हौसेनं घरी आणतात, तुळशीशेजारी मांडतात आणि पंधरा दिवसांनी मला विचारतात, "ताई, रंग कुठे गेला?"

खरं तर शेजार नात्यातलाच आहे. कोलियसची काडी बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं. तुळशीचंही तसंच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७६३ मध्ये या झाडाला नाव दिलं, ते तुळशीच्याच गोतात बसवून. आपला भज्यांचा पानओवा तर याचा सख्खा भाऊ. पण कोलियसचं माहेर आग्नेय आशियातलं, दमट हवेचं आणि विरळ सावलीचं. वृंदावनातलं दिवसभराचं ऊन त्याला सोसत नाही. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन पुरे, म्हणून पूर्वेची गॅलरी उत्तम. पार अंधाऱ्या जिन्यात ठेवलंत, तर रंग फिके पडतात आणि काड्या लांबुडक्या होतात.

दुपारी झाड माना टाकतं. आधी बोट खुपसून माती बघा. कोरडी असेल तर पाणी द्या, थोड्या वेळात सावरेल. माती ओली असूनही मान खाली असेल, तर बहुधा मुळं कुजताहेत. आपली काळी माती पाणी धरून बसते. तिच्यात शेणखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू मिसळा.

आता शेंड्याचं. निफाड-दिंडोरीकडच्या श्रोत्यांना मी काय सांगणार, द्राक्षवेलीचा शेंडा मारण्यात तुमचा हात बसलेला! इथेही तेच. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, खालच्या पेरांतून फांद्या फुटतात. निळसर तुरे दिसले, की मंजिऱ्या खुडतो तसे तेही खुडा. मधमाश्या येतात म्हणून मी एकदा तुरे राहू दिले. दिवाळीपर्यंत हाती नुसत्या काड्या उरल्या.

तुमच्या ओळखीचा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, इथेही येतो. पेरांत पांढरा कापूस दिसला, की साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश.

खरा वैरी मात्र थंडी. पारा दहा अंशांखाली गेला की पानं काळवंडतात, आणि निफाडला तर तो काही हिवाळ्यांत पाचाच्याही खाली उतरलाय. द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, कुंडीसाठी कोण पेटवणार? म्हणून दिवाळीतच चार शेंडे कापा, खालची पानं काढा आणि पेल्यातल्या पाण्यात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. दिवसाआड पाणी बदला. मुळं धरली की छोट्या कुंड्यांत लावून थंडीभर घरातच सांभाळा. बियांपासूनच्या रोपांचा रंग आईसारखा येईलच असं नाही, या शेंड्यांचा येतो. पेला काचेचा घ्या, म्हणजे मुळं किती फुटली ते रोज चहा ठेवता ठेवता बघता येतं.

नमस्कार.