कळांची भीती वाटते? आधी हा बर्फ हातात घ्या

नमस्कार. माझ्यासमोर या वाटीत बर्फाचे दोन खडे आहेत. ते कशाला, ते सांगते थोड्या वेळाने.

मागच्या महिन्यात राजारामपुरीत एका डोहाळजेवणाला गेले होते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पोरगी झोपाळ्यावर बसलेली. ओटी भरायला येणारी प्रत्येक बाई तिच्या कानाशी काहीतरी सांगून जायची. "माझ्या वेळी दोन दिवस कळा होत्या गं." "बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म." सांगत होत्या प्रेमानेच. आणि ती पोरगी हातातला हिरवा चुडा नुसता वर-खाली, वर-खाली करत होती. जेवणं उरकल्यावर मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि म्हणाली, "मावशी, खरं सांगा, मी मरतो काय हो?"

मी कोल्हापुरात बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. हा प्रश्न मला नवा नाही. "छे, काही होत नाही" म्हटलं की पोरगी गप्प बसते, भीती मात्र पोटातच राहते. म्हणून मी तिला आकडा सांगितला. महाराष्ट्रात 2018 ते 2020 या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यूंचं प्रमाण होतं. तेवढेही व्हायला नकोत. पण तुझ्या डोळ्यांसमोर आहे ती पणजीच्या काळातली अंधारी खोली आणि दारात जुंपलेली बैलगाडी. ते दिवस गेले.

आता भीतीने होतं काय? माणूस घाबरला की अंगात ॲड्रेनॅलिन वाढतं. कळा आणणारं ऑक्सिटोसिन त्यापुढे दबतं. अंग आवळतं, आवळलेल्या अंगात कळ जास्त दुखते, आणि दुखलं की परत भीती. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने हे चक्र गेल्या शतकात मांडलं. भीती गेली की वेदनाही जाते असं कुणी सांगत असेल, तर ते मला पटत नाही. कळ दुखतेच. पण ती अखंड नसते, हे पोरींना कुणी सांगतच नाही. ऐन भरात आलेली कळ साधारण मिनिटभराची. चढते, टोकाला जाते, उतरते. मग विसावा.

आता घ्या बर्फ. (खडा मुठीत घट्ट धरते.) मीही धरलाय. पहिले दहा सेकंद काही वाटत नाही. मग चटका बसतो. बघा, माझे खांदे आपोआप वर गेले, दात आवळले गेले. हेच लेबर टेबलवर होतं. आता खांदे खाली सोडा. जबडा सैल. नाकाने श्वास आत, आणि तोंडाने गरम चहावर फुंकर घालतो तसा हळू बाहेर. असे आठ-दहा श्वास झाले की मिनिट संपतं. ठेवा खडा वाटीत. दुखणं तेवढंच होतं, पण पहिल्या दहा सेकंदांपेक्षा शेवटच्या दहात हात सैल होता की नाही? सातव्या महिन्यापासून रोज दोनदा करा. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जात असाल तर नुसत्या श्वासाचा सराव चालता चालताही होतो. सोबत येणाऱ्यालाही शिकवा, कारण ऐन वेळी तुम्ही विसरणार आणि आठवण त्यानेच करून द्यायची आहे.

सोबतीचं तर आवर्जून विचारा. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी जवळची बाई सोबत ठेवायला मान्यता दिली आहे. आई, जाऊ, बहीण, जिच्या हाताने तुम्हाला धीर येतो ती. खाजगीत नवऱ्याला आत घेतात का, हे नाव घालतानाच विचारून ठेवा.

आणि एक कागद करा. "भीती वाटते" एवढंच लिहू नका. नेमकं कशाची? टाके? सुई? सिझर? उघडं पडायची लाज? त्या पोरीने सात प्रश्न लिहिले आणि पुढच्या तपासणीला मॅडमसमोर ठेवले. एपिड्युरल मिळेल का, म्हणजे पाठीत नळी घालून वेदना कमी करायचं औषध, तर भूलतज्ज्ञ असतील तेव्हा मिळेल, असं उत्तर आलं. शेवटचा प्रश्न होता, "मी ओरडले तर चालेल का?" तो वाचून मला गलबललं. नोकरीच्या सुरुवातीला मीही बायकांना "ओरडू नकोस" म्हणून दटावलंय. चूक होती माझी. ओरडा बायांनो, खुशाल ओरडा.

काहींची भीती मात्र याच्या पलीकडची असते. रात्र-रात्र झोप नाही, घाम फुटतो, मूल हवं असूनही दिवस राहू नयेत असं वाटतं. पहिलं बाळंतपण वाईट गेलं असेल तर दुसऱ्या वेळीही असं होतं. याला टोकोफोबिया म्हणतात. तिथे माझा बर्फ पुरणार नाही, समुपदेशकाकडे जायला हवं आणि डॉक्टरांना आधी कळायला हवं.

अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून अंधारी आली, तर व्हिडिओ बघत बसू नका, 108 ला फोन करा. आणि मनाचं ओझं असेल तर टेली-मानसचा 14416. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला लावला तरी चालतो.