कपाला कान लावताना

(दृश्य: लाकडी टेबलावर माती मळणारे हात)

सिरॅमिकच्या वर्गात सगळ्यांचं लक्ष चाकाकडे. हातात मात्र येतो मातीचा गोळा, आणि काम मिळतं मळायचं. आतली हवा निघेपर्यंत, ओल सगळीकडे सारखी होईपर्यंत. मग तारेने गोळा कापायचा. छेदात पोकळी दिसली, की पुन्हा मळा.

मग गोळ्यात अंगठा रोवायचा आणि चिमटीत भिंत दाबत गोळा फिरवत राहायचं. आमच्या मते चाकाआधी हेच शिकावं. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, हे बोटांना आपोआप कळायला लागतं.

(दृश्य: कप, शेजारी वळून ठेवलेला कान)

खरी परीक्षा कान लावताना. कप ओला असला तर दबतो, पार वाळला असला तर कान धरत नाही. मधली वेळ गाठायची: आकार मोडत नाही, पण नखाने ओरखडा सहज उठतो. दोन्हीकडे आडवेउभे ओरखडे काढा, त्यावर त्याच मातीचा दाट घोळ, म्हणजे स्लिप, लावा आणि घट्ट दाबा. कान बारीक, तो आधी सुकतो, आधी आकसतो, आणि जोडाशी तडा जातो. म्हणून कप प्लास्टिकखाली झाकून सावकाश वाळवायचा. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम किती रेंगाळतं, विचारू नका! पण आत ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होऊन कप फुटतो.

(दृश्य: भट्टी)

पहिली भाजणी साधारण 950 ते 1000 अंश सेल्सिअसला. कप टणक होतो, पण सच्छिद्र राहतो. माठाला हेच हवं. पाणी झिरपतं, उडून जातं, आतलं गार होतं. चहाच्या कपाला झिरपून कसं चालेल? पण ग्लेझ, म्हणजे पाण्यात कालवलेल्या भुकटीचा लेप, बसायला ही छिद्रं लागतात. कप ग्लेझमध्ये बुडवला, की भिंत पाणी शोषते आणि भुकटीचा थर वर राहतो. तांब्याच्या ऑक्साइडचं ग्लेझ कच्चं असताना करडं दिसतं. भरपूर हवेत भाजलं की बहुधा हिरवं होतं. स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांची, दुसरी भाजणी 1200 अंशांच्या वर जाते. तिथे ग्लेझ वितळून काच बनतं.

(दृश्य: ओल्या स्पंजने पुसलं जाणारं कपाचं बूड)

भट्टीत ठेवण्याआधी बुडाचं ग्लेझ पुसून घ्या. राहिलं, तर कप फळीला चिकटतो, आणि मग छिन्नीच आणावी लागते.