वाकड्या झाडाचं घर

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडात स्ट्रॅटफर्डजवळ शॉटरी नावाचं गाव आहे. शेक्सपिअरची बायको, ॲन हॅथवे, इथली. १५८२ साली लग्न झालं तेव्हा ती २६ वर्षांची, नवरा १८ चा. लोक त्या लग्नाच्या ओढीनं तिथे जातात. मला मात्र तिच्या माहेरच्या घराचं लाकूड जास्त मोलाचं वाटतं.

या घराला 'कॉटेज' म्हणतात, पण आहे बारा खोल्यांचं शेतकऱ्याचं घर. सगळ्यात जुना भाग १४६० च्या दशकातला. त्या काळच्या सुतारानं काय केलं, तर ओकचं वाकडं खोड निवडलं आणि ते उभं चिरलं. दोन सारख्या कमानी मिळाल्या! त्या समोरासमोर उभ्या करून शेंडे आढ्यापाशी जुळवले. जमिनीपासून आढ्यापर्यंत एकच लाकूड. सरळ झाड इथे कामाचंच नव्हतं. सांध्यांत एका लाकडाला कूस, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, दुसऱ्यात ती बसायला खाच, आणि आरपार लाकडी खुंटी. ओक ओलाच वापरायचे, कारण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. मग लाकूड उभ्या घरातच वाळायचं, पिळायचं. अशी घरं कललेली दिसतात ती त्यामुळे.

भार सगळा सांगाड्यावर, भिंतीवर नाही. भिंत म्हणजे आपला कोकणातला कूडच समजा. आपण कारवी लावतो, ते काठ्या विणायचे आणि त्यावर माती, पेंढा, शेण यांचा गिलावा चढवायचे. चित्रांतली ती काळी-पांढरी घरं? लाकूड काळं रंगवायची हौस बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली. मुळात ओक नुसता ठेवला की चंदेरी करडा होतो.

सुरुवातीला मधला सोपा थेट छपरापर्यंत मोकळा होता. चूल जमिनीवर, धूर वर. पुढे ॲनच्या भावानं, बार्थोलोम्यूनं, १६१० मध्ये घर विकत घेतलं. धुराडी आली आणि धुराची वाट बंद झाल्यावर मधे तक्तपोशी टाकून वर निजायच्या खोल्या निघाल्या. भिंतींवर भार नसल्यानं हे सगळं सोपं गेलं.

१८९२ मध्ये हे घर शेक्सपिअर जन्मस्थान न्यासाकडे आलं. १९६९ मध्ये आग लागून बरंच नुकसान झालं, ते नंतर दुरुस्त केलं. कधी गेलात, तर खाली फार रेंगाळू नका. जिना चढा. खालून निघालेली ती वाकडी ओकची जोडी तिथे, निजायच्या खोल्यांपाशी, छपराकडे झुकलेली दिसते.