टाचेमागची शीर

(दृश्य: पहाटेचे साडेपाच. दादरमधील एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना. चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई कठड्याला धरून, पाऊल आडवे टाकत उतरत आहेत.)

या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत, आणि त्या मोजत उतरण्याची सवय या बाईंना गेल्या तीन महिन्यांत लागली आहे. सकाळी पलंगावरून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवताच टाचेच्या मागे, बुटाची कड जिथे येते त्याच्या चार बोटे वर, लाकूड भरल्यासारखे वाटते. न्हाणीघरापर्यंत लंगडत जावे लागते. पण खाली उतरून शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत दुखणे जवळजवळ नाहीसे झालेले असते. या शेवटच्या गोष्टीनेच त्यांना फसवले. धावल्यावर बरे वाटते, तेव्हा धावणे चालू ठेवावे, असा त्यांनी अर्थ लावला. संध्याकाळी लोकलच्या पुलाचा जिना चढताना परतणारी कळ मात्र त्यांनी दिवसभराच्या दगदगीच्या खात्यावर टाकली.

(दृश्य: पोटरी आणि टाचेचे रेखाचित्र.)

घरोघरी जिला टाचेमागची शीर म्हणतात, ती खरे तर शीर नव्हे. शिरेतून रक्त वाहते. ही आहे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पोटरीतील दोन मोठे स्नायू, एक गुडघ्याच्या वरून निघणारा आणि दुसरा त्याच्याखाली गुडघ्याच्या खालून निघणारा, या एकाच दोरीत येऊन मिळतात आणि ती टाचेच्या हाडाला मागून चिकटते. सुमारे १५ सेंटीमीटर लांबीची ही कंडरा शरीरातील सर्वांत जाड आणि सर्वांत मजबूत आहे. तशी ती असावीच लागते, कारण धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत तो साडेतीनशे किलोच्या पुढे जातो, आणि तोही प्रत्येक पावलागणिक. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर असलेल्या भागाला रक्तपुरवठा तुलनेने कमी आहे, आणि दुखणे बहुधा तिथेच घर करते.

अकिलीस हे तिचे नाव टाचेत बाण लागून मेलेल्या ग्रीक पुराणातील योद्ध्यावरून आले. आपल्याकडे श्रीकृष्णाच्या पावलाला जरा नावाच्या व्याधाचा बाण लागल्याची कथा आहे. दोन्हीकडच्या कथाकारांना अजिंक्य पुरुषाचा शेवट पायापाशीच दिसावा, हे विलक्षण आहे.

कंडरेच्या या दुखण्याला सर्रास टेंडनायटिस म्हणतात. त्यातला ‘आयटिस’ म्हणजे दाह. परंतु महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंडरेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत. सापडतात ते विस्कटलेले तंतू: एरवी विणलेल्या सुतळीसारखे एका दिशेने ओळीत असणारे कोलॅजन या प्रथिनाचे धागे पिंजल्यासारखे झालेले असतात आणि कंडरा जाड होते. म्हणूनच डॉक्टर आता टेंडिनोपथी हा शब्द अधिक वापरतात. हा केवळ शब्दांचा कीस नाही. दाह असता तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि विश्रांती पुरली असती. घडी विस्कटलेल्या धाग्यांना मात्र त्यांनी वळण लागत नाही.

(दृश्य: पावसात ओला मरीन ड्राइव्ह; मग ऑक्टोबरच्या उन्हात तिथेच धावणारे घोळके.)

मुंबईत या दुखण्याचा एक हंगामच असतो. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते. पावसाळ्यात सराव रखडतो, गणपती आणि नवरात्र पार पडते, आणि मग जानेवारीपर्यंत उरलेल्या आठवड्यांत राहिलेले सगळे किलोमीटर भरून काढण्याची घाई सुरू होते. त्यात चढाचा सराव हवा म्हणून पेडर रोड, आणि वेग हवा म्हणून आठवड्यातून दोनदा वेगाची धाव. स्नायू काही आठवड्यांत ताकद कमावतात, कंडरेला मात्र महिने लागतात. एका दमदार सरावानंतर पहिला एक-दीड दिवस तिच्यात उभारणीपेक्षा मोडतोडच जास्त चालते. त्या मुदतीत पुन्हा तोच ताण दिला, तर देणे वाढतच जाते. पोलीस भरतीसाठी महिनाभर आधी जागी होणारी मुलेही याच वाटेने टाच धरून बसतात.

धावणारेच कशाला? मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वाढलेले वजन यांनीही कंडरा कमकुवत होते. आणखी एका कारणाकडे आपले लक्ष क्वचित जाते: सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके. या गटातील औषधांनी कंडरा दुखावण्याचा, प्रसंगी तुटण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा त्यांच्या वेष्टनावर छापणे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये बंधनकारक केले. साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असताना हा धोका अधिक असतो. पोट बिघडले की केमिस्टकडून मागच्या वेळचीच गोळी मागून आणणाऱ्या शहराने हे लक्षात ठेवलेले बरे.

(दृश्य: पुन्हा तोच जिना. बाई सर्वांत खालच्या पायरीवर, फक्त चवड्यांवर उभ्या, टाचा हवेत.)

उपचारासाठी त्यांना जे साधन मिळाले, ते त्यांच्या दाराबाहेरच होते. स्वीडनमधील शस्त्रक्रियातज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या पातळीखाली उतरवायची. पुन्हा वर येताना भार चांगल्या पायावर. असे पंधरा वेळा, आणि पंधराचे तीन संच. हे सारे आधी गुडघा ताठ ठेवून आणि नंतर किंचित वाकवून, कारण गुडघा वाकला की वरचा स्नायू सैल पडून भार खालच्यावर येतो. सकाळी आणि संध्याकाळी, बारा आठवडे. हिशेब केला तर दिवसाला १८० वेळा. भार सोसवू लागला की पाठीवर पिशवी अडकवून वजन वाढवायचे. बाईंच्या पिशवीत सध्या तांदळाची पाच किलोची थैली आहे.

दुखेल तर? थोडे दुखले तर चालते. शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर पाचपर्यंतची वेदना फिजिओथेरपिस्ट सहसा मान्य करतात, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा वाढलेला असता कामा नये. वाढला, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजून तो कमी करायचा. पूर्ण विश्रांतीने वेदना शमते खरी, पण कंडरा आणखी अशक्त होते आणि पहिल्याच धावेत तक्रार परत येते. दुखणे अगदी टाचेच्या हाडापाशी असेल, तर टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीवरच व्यायाम करायचा आणि बुटात टाचेखाली लहानशी उंची द्यायची, कारण खाली उतरताना कंडरा हाडावर दाबली जाते.

शीर चढली म्हणून जोरजोराने मालीश करून घेणे टाळावे. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणेही टाळावे. काही आठवडे बरे वाटते, पण ती तुटण्याची भीती वाढते.

तुटणे ही बाब वेगळीच. २०२३ च्या विश्वचषकात सर्वाधिक २४ बळी घेणाऱ्या मोहम्मद शमीला अकिलीसच्या दुखापतीसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि पुढले अनेक महिने तो मैदानाबाहेर होता. कंडरा पूर्ण तुटते तेव्हा मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते, आणि माणूस वळून पाहतो तर मागे कोणीच नसते. पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला हवे.

(दृश्य: पायरी, चवडे, पाठीवरची पिशवी.)

आज नववा आठवडा आहे. बाई अजून धावत नाहीत, कट्ट्याभोवती झपझप चालतात. यंदाच्या जानेवारीतील नाव त्यांनी मागे घेतले, याचे वाईट वाटते असे त्या स्पष्ट सांगतात. धावणे सुरू होईल ते एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल अशा प्रमाणात, एक दिवस आड करून. आणि व्यायाम त्यानंतरही आठवड्यातून दोन-तीनदा चालू राहील. आज सकाळी जिना उतरताना चौथ्या पायरीपर्यंतच पाऊल आडवे पडले. उरलेल्या पंधरा त्या सरळ उतरल्या.